रोजचे बायबलवाचन आणि स्वतःपुरता धडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

धर्मग्रंथांच्या नित्यवाचनाविषयी आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही दिवस चर्चा चालू आहे. पोथी असो, कुराण असो वा बायबल असो, नेमाने वाचणाऱ्याच्या वागण्यात त्या वाचनाने काडीचाही फरक पडलेला दिसत नाही, आणि तो पडत नसेल तर नेम म्हणजे केवळ सवय होय, असा त्यातील एका पत्राचा सूर होता. इतर धर्मग्रंथांविषयी बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु वेंगुर्ल्याकडच्या एका मराठी ख्रिस्ती घरात वाढलेला वाचक म्हणून बायबलपुरते मला असे म्हणायचे आहे की, पत्रलेखकाचा आक्षेप वाचनाच्या नेमाला लागू होत नाही; तो वाचनातून धडा काढण्याच्या एका विशिष्ट पद्धतीला लागू होतो, आणि तिला तो पुरेपूर लागू होतो हे आम्ही ख्रिस्ती लोकांनी मान्य करायला हवे.

या किनाऱ्यावर ख्रिस्ती कथा मराठीतून ऐकण्याची परंपरा चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्याच्या साष्टी भागात छापले गेले. स्कॉटिश मिशनऱ्यांनी १८२३ साली बाणकोटला आणि त्यानंतर हर्णैला काम सुरू केले, आणि शाळांच्या वाटेने छापील मराठी बायबल खाडीकाठच्या गावांत पोहोचले. आज कॅथलिक घरांत त्या त्या दिवशीच्या मिस्सेसाठी (चर्चमधल्या उपासनेसाठी) नेमलेली वाचने वाचली जातात. रविवारच्या वाचनांचे चक्र तीन वर्षांचे आणि इतर दिवसांच्या पहिल्या वाचनाचे दोन वर्षांचे असते, आणि सर्व भाविकांनी पवित्र शास्त्र स्वतः वाचावे असे कॅथलिक धर्माध्यक्षांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आवर्जून सांगितलेले आहे. प्रोटेस्टंट घरांत बहुधा पुस्तके ओळीने वाचतात. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय, रोज तीन आणि रविवारी पाच घेतले की वर्षात पुरे होतात. पद्धती वेगळ्या असल्या तरी दोहोंत एक गोष्ट समान आहे, आणि माझ्या मते नेमाचे सारे मर्म तिच्यातच आहे: आज कोणता भाग वाचायचा हे वाचणारा ठरवत नाही. न आवडणारा अध्यायही आपल्या पाळीने समोर येऊन उभा राहतो.

आक्षेप ज्याला लागू होतो ते याच्या अगदी उलट आहे. सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर सूर्योदयाच्या किंवा माडांच्या चित्रावर छापलेले एक वचन येते, त्याखाली हात जोडल्याच्या खुणा उमटतात, ते पुढे चार गटांवर जाते आणि दिवसाचे वाचन झाले असे मानले जाते. वचन बायबलमधलेच असते, खोटे नसते. पण निवडणाऱ्याने ते मनाला सुखावेल एवढेच कापून घेतलेले असते, आणि ते कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले याचा मागमूस त्यावर नसतो. दहावी-बारावीच्या निकालांच्या आणि नोकरीच्या मुलाखतींच्या दिवसांत हमखास फिरणारे असे एक वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातले आहे. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, तुम्हांला उज्ज्वल भवितव्याची आशा देणारे आहेत, असा त्याचा आशय.

तो अध्याय म्हणजे मुळात एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) राजाने यरुशलेमेतून राजासह जे लोक धरून नेले, त्यांना यिर्मयाने मागे राहून ते लिहिले. त्याच्या आधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगतो की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येतील, मंदिरातून लुटून नेलेली पात्रेही परत येतील. यिर्मया लिहितो की सत्तर वर्षे लागतील. म्हणून घरे बांधा आणि त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा, मुलामुलींची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्हांला नेले आहे त्याचे हित चिंता, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या हितात तुमचे हित आहे. आशेचे ते प्रसिद्ध वचन यानंतर येते. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढ माणसे ते पुरे झालेले पाहायला राहणार नव्हती. आजूबाजूच्या ओळी काढून टाकून निकालाच्या दिवशी आपण जे पाठवतो, त्यातले शब्द यिर्मयाचे असले तरी संदेश हनन्याचा असतो.

कोकणातल्या माणसाला तर हा अध्याय सबंध वाचण्याचे विशेष कारण आहे. आमच्या घरोघरचे कोणी ना कोणी मुंबईला गेलेले आहे. पूर्वी गिरणीत किंवा गोदीत, आता वसई-विरारच्या किंवा डोंबिवलीच्या बाजूला. चाकरमानी जन्म तिथे काढतो, पण मनाने तो गावच्या घराच्या पडवीत बसलेला असतो. इमारतीच्या सभेला तो जात नाही, वॉर्डात काय चालले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते, कारण आपण एक दिवस गावी जाणार, हे त्याने मनाशी धरून ठेवलेले असते. सक्तीने नेलेले बंदिवान आणि पोटासाठी गेलेला माणूस यांची स्थिती एक नव्हे, हे मला समजते. तरीही जो देव शत्रूच्या नगराचे हित चिंतायला सांगतो, तो भाड्याच्या खोलीभोवतालच्या वस्तीकडे पाठ फिरवू देणार नाही, एवढा धडा त्यातून सरळ निघतो. माझ्या नात्यातल्या एका तरुणाने हा अध्याय वाचल्यानंतर आपल्या इमारतीच्या पाण्याच्या तक्रारींचे काम अंगावर घेतले आणि शेजाऱ्यांची नावे त्याच्या रोजच्या प्रार्थनेत येऊ लागली. वागण्यातला फरक म्हणून पत्रलेखकांना याहून मोठे काही हवे असेल, तर त्यांची अपेक्षाच मला अवाजवी वाटते.

ज्याचे वचन कोणी चित्रावर छापत नाही असाही एक भाग सांगतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूचरित्राच्या, बाराव्या अध्यायात हजारो लोक जमलेले आहेत, येशू अत्यंत गंभीर गोष्टी बोलत आहे, आणि गर्दीतला एक जण मध्येच म्हणतो की, गुरुजी, मला वतनाचा वाटा द्यायला माझ्या भावाला सांगा. कोकणातल्या कोणत्याही तहसील कचेरीच्या आवारात हे वाक्य आजही ऐकू येईल. सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे लागलेली पंधरा-वीस वारसांची नावे, त्यांतली निम्मी माणसे मुंबईला, एकाने घातलेल्या चिऱ्याच्या गडग्याला दुसऱ्याची हरकत, दोन माडांवरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेले दावे. ख्रिस्ती घरे याला अपवाद आहेत असे कोणी समजू नये. नाताळच्या रात्री एकाच चर्चमध्ये दोन टोकांना बसणारे सख्खे भाऊ आमच्याकडेही आहेत.

येशू त्या माणसाचा दावा खोटा ठरवत नाही. कदाचित त्याचा हक्क खराही असेल. मला तुमच्यावर न्यायाधीश किंवा वाटणी करणारा कोणी नेमले, एवढेच तो विचारतो; मग साऱ्या जमावाला लोभापासून जपून राहायला सांगतो आणि भरघोस पीक आलेल्या एका धनवानाचा दृष्टांत देतो. जुनी कोठारे पाडून मोठी बांधीन आणि पुष्कळ वर्षे आरामात खाईन-पिईन, असे ठरवणाऱ्या त्या माणसाचा जीव त्याच रात्री मागितला जातो. हा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असतो, पण तो वाटणीच्या भांडणाला दिलेले उत्तर आहे, हे ओळीने वाचल्याशिवाय ध्यानात येत नाही. त्या धनवानाने चोरी केली किंवा कोणाला लुबाडले असे दृष्टांतात कुठेही म्हटलेले नाही. त्याच्या सबंध बोलण्यात दुसरे माणूसच येत नाही, हा त्यातला मला सर्वांत जास्त बोचणारा भाग वाटतो. पीक माझे, कोठारे माझी, आणि बोलणे तेही स्वतःच्याच जिवाशी.

यातून हक्क सोडून द्यावा असा धडा काढणे सोपे आहे, पण तो मला पटत नाही. वाटणी करून द्यायला दिवाणी न्यायालय आहे, आणि विशेषतः बहिणींचा हिस्सा डावलला जात असेल तेव्हा ख्रिस्ती माणसाने तिथे जाण्यात काही गैर नाही. धडा त्याच्या अलीकडचा आहे. दावा लावण्यापूर्वी मी स्वतःला विचारायचे की, जमिनीची ही पट्टी भावाला नको असती, तर मला ती इतकीच हवीशी वाटली असती का? याचे उत्तर दुसऱ्या कोणाला द्यायचे नसते, म्हणूनच ते खरे देता येते. उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायात वडीलधारा अब्राम आपल्या पुतण्याला, लोटाला, आधी जमीन निवडू देतो, हेही येथे आठवते. मात्र आमच्याकडे तो अध्याय नेहमी धाकट्यांकडून थोरल्यांना ऐकवला जातो.

हे गमतीने लिहिले तरी नित्यवाचनातला सर्वांत मोठा धोका तोच आहे. वाचता वाचता धडा सुचतो तो बहुधा दुसऱ्याला चपखल बसणारा. सासूला सुनेसाठी, सुनेला सासूसाठी, पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) मंडळीसाठी आणि मंडळीला पाळकांसाठी. ‘दुसरे शमुवेल’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा, दुसऱ्याची बायको बळकावलेल्या दावीद राजाला, श्रीमंत माणसाने गरिबाची एकुलती एक मेंढी कशी हिरावून घेतली, ती गोष्ट सांगतो. दावीद संतापून त्या श्रीमंताला मृत्युदंड ठोठावतो, आणि तेव्हा नाथान म्हणतो की तो मनुष्य तूच आहेस. दावीदाने गोष्ट मन लावून ऐकली होती, अन्याय कोणता हेही बरोबर ओळखले होते. ओळखला नव्हता तो फक्त माणूस. आमच्या घरी रात्रीच्या प्रार्थनेच्या वेळी म्हणूनच एक दंडक आहे की, वाचलेल्या भागावर बोलायचे ते ‘मी’ म्हणून. ‘आपण सर्वांनी’ अशी कोणी सुरुवात केली की घरातली मुले लगेच थांबवतात. व्यासपीठावरच्या प्रवचनाला हा नियम लावता येणार नाही, पण घरात तो असावा.

किनाऱ्यावरच्या माणसाला जो अध्याय इतरांपेक्षा लवकर उमगतो, तो ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला सत्ताविसावा. येशूचा प्रेषित पौल याला कैदी म्हणून रोमला नेले जात आहे, जलप्रवासाचे दिवस उलटून गेले आहेत, आणि तो बजावतो की आता पुढे निघालो तर मालाची, जहाजाची आणि जिवांचीही हानी होईल. शताधिपती, म्हणजे शंभर सैनिकांवरचा रोमी अधिकारी, त्याच्यापेक्षा तांडेलावर आणि जहाजाच्या मालकावर विश्वास ठेवतो. हाताशी असलेले बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, हेही एक कारण असते. दक्षिणेचा मंद वारा सुटतो, आपलेच बरोबर ठरले असे सगळ्यांना वाटते, आणि थोड्याच वेळात ईशान्येचे तुफान अंगावर येते. १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी आता सरकारी आदेशाने असते. पण नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी न लोटणाऱ्या गाबित, खारवी किंवा कोळी माणसाला या प्रसंगात समजावून सांगण्यासारखे काहीच नाही.

पुढे जहाज भरकटत जाते, सूर्य-तारे दिसेनासे होतात, माल समुद्रात टाकावा लागतो. तुम्ही माझे ऐकायला हवे होते, असे पौल उभा राहून म्हणतो. एकदाच म्हणतो. त्यानंतर तो कोणाचाही जीव जाणार नाही असा धीर देतो. चौदाव्या रात्री खलाशी होडी सोडून गुपचूप पळू पाहतात, ते शताधिपतीच्या नजरेस आणतो. आणि उजाडण्याच्या सुमारास सर्वांना काहीतरी खाऊन घ्या म्हणून विनवतो, स्वतः भाकरी घेऊन देवाचे आभार मानतो आणि सर्वांदेखत खाऊ लागतो. जहाजावर २७६ माणसे होती, असा आकडाही तिथे दिलेला आहे. सारी किनाऱ्याला लागतात, कोणी पोहत, कोणी फळ्यांवरून. जहाज मात्र फुटते.

आपले म्हणणे बरोबर होते आणि कोणी ऐकले नाही, हा अनुभव घरात, सोसायटीच्या बैठकीत, मंडळीच्या समितीत प्रत्येकाला येतो, आणि नुकसान झाले की ‘मी सांगितले होते’ हे वाक्य पुढे महिनोन्‌महिने पुरते. आम्हां निवृत्त माणसांना तर ते फारच प्रिय. पौल ते एकदा बोलतो आणि लोकांच्या पोटाची काळजी करू लागतो, हा धडा मला माझ्यापुरता पुरेसा आहे. याच अध्यायातली दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. पौलाच्या श्रद्धेने जहाज वाचत नाही, मालही वाचत नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा संकटात, तुझ्यावर काही अरिष्ट येणार नाही, या अर्थाचे एक्याण्णवाव्या स्तोत्रातले वचन पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण त्याच स्तोत्रातल्या ओळी मत्तयच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला ऐकवतो. वचन तोंडपाठ असणे म्हणजे धडा कळणे नव्हे, याचा याहून कडक दाखला मला ठाऊक नाही. पोफळ धरायला किती वर्षे जातात हे ज्याला माहीत आहे, त्याच्या हाती प्रेषितांच्या कृत्यांमधला हा अध्याय द्यावा. त्यात नुकसान लपवलेले नाही, आणि जहाज फुटल्यावर कथा थांबतही नाही. पुढच्या अध्यायात माल्टा बेटावरचे अनोळखी लोक पावसाने गारठलेल्या त्या माणसांसाठी शेकोटी पेटवतात, आणि पौल स्वतः तिच्यात घालायला काटक्या गोळा करतो.

जानेवारीत उत्साहाने सुरू झालेले वाचन महिन्याच्या शेवटी लेवीयाशी येऊन अडते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. होमार्पणे आणि शुद्धाशुद्धतेचे नियम यांचे ते पुस्तक. पण मजुराची मजुरी रात्रभर, म्हणजे सकाळपर्यंत, आपल्यापाशी ठेवू नका, आणि तुमच्या देशात राहणाऱ्या परक्यावर स्वतःसारखी प्रीती करा, या दोन्ही आज्ञा त्याच्याच एकोणिसाव्या अध्यायात आहेत. आंब्याला मोहोर असतो ते हेच दिवस, आणि रत्नागिरी-देवगडच्या बागांतून राखणीला नेपाळी कामगार असतात तेही याच दिवसांत. हिशेब हंगामाच्या शेवटी करू, हे त्याला सांगणे मालकाला सोपे जाते, कारण तो घरापासून दूर असतो. येथे धडा शोधावा लागत नाही. पैसे द्यावे लागतात. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय हीच गोष्ट याहून जळजळीत शब्दांत सांगतो.

काही दिवस मात्र काहीच हाती लागत नाही, आणि तेही ठीक आहे. ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय जवळजवळ सगळे वंशावळींचे आहेत. त्यांतूनही रोज काहीतरी निघालेच पाहिजे असा हट्ट धरला की माणूस नसलेले अर्थ काढू लागतो. अशा दिवशी वाचून पुस्तक मिटावे.

मत्तयचे शुभवर्तमानही वंशावळीनेच सुरू होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ साली जन्मलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना १८९३ साली नागपूर-राजनांदगाव प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. वाचीन, असा शब्द त्यांनी दिला होता, म्हणून ते वाचू लागले, आणि याच शुभवर्तमानातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना असे धरून ठेवले की ते बाजूला ठेववेना. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यापायी पत्नी लक्ष्मीबाईंचा पुढे काही वर्षे वियोगही सोसला. मला येथे धर्मांतराची बाजू मांडायची नाही. त्याच प्रवचनाने महात्मा गांधींच्याही काळजाला हात घातला आणि ते हिंदूच राहिले. मुद्दा इतकाच की, वाचनाने वागणे बदलत नाही असे सरसकट म्हणणाऱ्याने टिळकांचे काय करायचे तेही सांगायला हवे.

आपल्याला एक विनंती करून पत्र पुरे करतो. नाताळ आणि गुड फ्रायडेच्या अंकांत आपण बायबलमधले एखादे वचन चौकटीत छापता, त्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. यापुढे त्या वचनाखाली पुस्तकाचे नाव, अध्याय आणि वचनाचा क्रमांक अवश्य छापावा, म्हणजे ज्याला इच्छा होईल तो सबंध अध्याय उघडून पाहील. चौकटीत जागा अपुरी पडत असेल, तर वचन गाळून नुसता संदर्भ छापला तरी माझी हरकत नाही.

आपला,
एक नियमित वाचक,
वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग